चार थेंब

यंत्राने तिचा अंगठा पहिल्याच फटक्यात ओळखला आणि ती घाबरली.

खरं तर यात घाबरण्यासारखं काय होतं? छापखान्याच्या दारात हजेरीचं ते यंत्र बसवून दोन वर्षं झाली होती. येणारा प्रत्येक जण त्याच्या काचेवर अंगठा टेकवायचा आणि यंत्रातली बाई गोड आवाजात 'ओळख पटली' म्हणायची. बांधणी खात्यातल्या सहा बायकांचं मात्र तिच्याशी कधी जमलं नाही. कागद माणसाच्या हातातला ओलावा पिऊन घेतो. सोळा पानं छापलेला एक मोठा ताव, त्याला फर्मा म्हणायचं. तो तीनदा दुमडायचा आणि प्रत्येक दुमड अंगठ्याने दाबून बसवायची, असे दिवसाला दीड-दोन हजार. बावीस वर्षं हे केल्यावर अंगठ्यावरच्या रेषा पुसून जातात आणि त्यांच्या जागी भेगा येतात. अशा अंगठ्याला यंत्र म्हणायचं, 'पुन्हा प्रयत्न करा.' सहाही जणी पुन्हा प्रयत्न करायच्या, अंगठ्यावर फुंकर घालायच्या, पदराला घासायच्या, एखादी चोरून जीभही लावायची, आणि शेवटी दाराशी बसलेले पहारेकरी मामा कंटाळून टेबलाखालची जुनी वही काढायचे. 'बाई, आजही अंगठा घरीच राहिला वाटतं?' हा त्यांचा विनोद दोन वर्षांत एकदाही बदलला नव्हता. सगळा छापखाना या सहा जणींना वहीवाल्या म्हणायचा. चिडवणारं नाव, पण त्याची सवय झाली होती, थोडा अभिमानसुद्धा वाटायचा. आज तिने नेहमीप्रमाणे उगाच अंगठा टेकवला, हात काढून वहीकडे वळणार एवढ्यात यंत्रातली बाई तिला 'ओळख पटली' म्हणाली. मामा खुर्चीतून अर्धे उठले. 'अरे वा! आणला की आज!' मागे उभ्या असलेल्या पाच जणी हसल्या. ती पण हसली. आणि मग, का कोण जाणे, तिने पुढे होऊन वहीतही सही केली. तिच्या ओळीत तिची सही नसली तर वही उघडी पडल्यासारखी दिसली असती, असं काहीतरी तिला त्या क्षणी वाटलं. वाटलं म्हणजे काय, हात आपोआप गेला.

टेबलाशी बसून पहिला फर्मा ओढला तरी ती भीती गेली नव्हती. यंत्राला कळलं, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि मग स्वतःवरच वैतागली, कारण यंत्राला काय कळतंय डोंबल! रेषा दिसल्या, त्याने ओळखल्या. पण रेषा आल्या कुठून हे तिला माहीत होतं. त्या पाच महिन्यांपूर्वी भावाने आईसाठी पाठवलेल्या बाटलीतून आल्या होत्या. अंगठा ताव दाबत होता, काठावरून सरकत होता, आणि पूर्वी प्रत्येक घडीला भेगेत कागदाची धार शिरून जी बारीक कळ यायची ती आज येत नव्हती. किती दिवस झाले येत नव्हती? तिने आठवून पाहिलं. तीन आठवडे तरी. कळ गेली तेव्हा तिला नुसतं बरं वाटलं होतं, दुसरं काही नाही. बरं वाटण्यासारखी लबाड गोष्ट नाही. ती कुठून आली हे विचारायचं माणसाला सुचतच नाही.

भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. दूर नोकरीला, दोन वर्षांतून एकदा आठवडाभर येणारा. मागच्या खेपेला आला तेव्हा त्याने आईच्या पायांकडे पाहिलं आणि त्याला रडूच आलं. आईची कातडी आधीपासूनच कोरडी, म्हातारपणात ती सुकलेल्या चिखलासारखी तडकली होती. नडग्यांवर पांढरे पापुद्रे, त्यांच्या मधून लाल रेषा. आई नखांनी खाजवायची, नखं कापली तर कंगव्याच्या पाठीने खाजवायची, आणि मधल्या पातळ भिंतीतून तो खर्र-खर्र आवाज तिच्या खोलीत यायचा. भाऊ आईचे पाय मांडीवर घेऊन बसला. 'ताई, अगं हे असं कसं होऊ दिलंस?' तो म्हणाला. वाईट हेतूने नाही म्हणाला. त्या वेळी ती त्याच्या पुढ्यात चहाचा कप ठेवत होती, तिच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या, तीन बोटांना तीन. कप त्याने घेतला. बोटं त्याला दिसली नाहीत. ही गोष्ट तिने नंतर स्वतःला इतक्या वेळा सांगितली की आता ती तिची तिलाच खरी वाटेनाशी झाली होती. पण चिकटपट्ट्या होत्या हे खरं.

महिन्याभरात त्याच्या मित्राच्या हाती बाटली आली. जड काचेची, सोनेरी, दाबायच्या तोंडाची. अंघोळीचं तेल, साबणाऐवजी वापरायचं. अंग ओलं करा, तेल चोळा, पाणी लागताच त्याचं दूध होईल, मग धुऊन टाका, असं भावाने फोनवर तीनदा समजावलं. 'आईला एकटीला, ताई. तिला पुरव.' तिने त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी बाटली उघडली, आणि आधी स्वतःच्या हाताला लावून बघितली. यात पाप नव्हतं. नवीन वस्तू म्हाताऱ्या माणसाला लावायची तर आधी आपल्या अंगावर बघून घ्यावी, पुरळ उठेल, आग होईल. ती आजही छातीवर हात ठेवून सांगू शकली असती की पहिल्या दिवशी तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. नळाखाली हात धरला, दोन थेंब टाकले, आणि तळहातावर खरोखरच दूध झालं. बदामासारखा मंद वास. कोपरापर्यंत चोळलं, खांद्यापर्यंत गेलं, मग मानेवर. धुतल्यावर हात नेहमीसारखा ताणला नाही. कातडी तिच्या अंगाला मापाची झाल्यासारखी वाटली, आणि ती न्हाणीघरात ओल्या फरशीवर तशीच उभी राहिली, नळ चालू ठेवून. कोणी तिला शेवटचं हात कधी लावला होता हे तिला आठवेना. आईला अंघोळ ती घालायची, आईचे केस ती विंचरायची, आजारपणात डॉक्टरच्या पायऱ्या आईला धरून तीच चढवायची. तिच्या अंगावरून मात्र वर्षानुवर्षं फक्त कागद फिरत होता. बाहेरून आई म्हणाली, 'झालं का गं?' 'झालं, झालं,' ती म्हणाली आणि बाटली फळीच्या मागच्या बाजूला सारली. का सारली?

दुसऱ्या दिवशी पुरळ उठलं नाही हे पक्कं करण्यासाठी पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी टाचा. टाचा चादरीत अडकेनाशा झाल्या. तेल हाताला चोळून कामावर जाण्याची छापखान्यात सोय नव्हती. बांधणीवाल्यांना ते वर्ज्य, तेलकट बोट लागलं की ताव बाद, त्यामुळे बावीस वर्षं ती कोरडीच राहिली होती. पण हे तेल धुऊन जायचं आणि मऊपणा मागे ठेवायचं, कागदावर डाग पडायचा नाही. जणू बांधणीवाल्यांसाठीच कोणी बनवलं होतं. पहिल्या आठवड्यात आईला निम्मं आणि आपल्याला निम्मं, असा तिचा हिशेब होता. मग बाटलीतली पातळी खाली जाताना दिसली आणि जीव घाबरला, एवढ्यात संपलं तर भाऊ काय म्हणेल! तेव्हा आईच्या वाटणीत तिने हात धुवायचा पातळ साबण मिसळला. थोडा. मग अर्धा. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की आईला घालायच्या वाटीत सगळा साबणच आहे, वर वासापुरते ती चार थेंब टाकते आहे. मोजून चार. आई न्हाणीत स्टुलावर पाठमोरी बसायची, डोळ्यांनी तिला अंधुक दिसायचं, वास यायचा तो बदामाचाच. आणि आईने कधी काही म्हटलं नाही. उलट रविवारी भावाचा फोन आला की आई जोरात सांगायची, 'फार छान आहे रे तुझं तेल. अंग कसं निवतं.' ती स्वयंपाकघरात भांडी घासता घासता ऐकायची आणि स्वतःला समजवायची, म्हणजे चार थेंबही पुरतायत. सोयीचं ते तिला लगेच पटायचं. भिंतीपलीकडचा खर्र-खर्र आवाज थांबला नव्हता, पण आवाजाची सवय असते. ती कूस बदलायची.

दुपारी जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी हजेरीचा कारकून वही काखेत मारून बांधणी खात्यात आला. टेबलांच्या मधून वाट काढत तिच्यापाशी थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, 'बाई, आज तुम्ही दोनदा आलात? एकदा यंत्रात आणि एकदा वहीत?' शिलाईच्या टेबलावर हशा पिकला. 'एक मी आले आणि एक माझी सावली,' ती म्हणाली. उत्तर बरं सुचलं, पण आवाज फाटला. कारकुनाने तिची वहीतली सही लाल रेघेने खोडली. 'आता तुम्ही वहीत यायचं नाही. यंत्र घेतंय तुम्हाला.' तो गेला आणि तिच्या शेजारची शिलाईवाली, जी अठरा वर्षं तिच्या उजव्या हाताला बसून फर्मे दोऱ्याने शिवत होती, तिने सुई टोचून ठेवली आणि तिचा हात ओढून स्वतःच्या पुढ्यात उताणा केला. अंगठ्यावरून आपला खरखरीत अंगठा फिरवला. 'बाई गं! हे काय? काय लावतेस तू?'

'कुठे काय. आईला तेल लावते ना अंघोळीला. भावाने पाठवलेलं. तेच हाताला लागतं.'

'नुसतं हाताला लागून एवढं? मग आईची कातडी तर लोण्यासारखी झाली असेल.'

'हो,' ती म्हणाली.

'नशीब काढलं म्हातारीने. असा लेक हवा आणि अशी लेक हवी,' शिलाईवाली म्हणाली आणि तिचा हात सोडून सुई उचलली. तिच्या स्वतःच्या तर्जनीला दोऱ्याने कापलेली जुनी खाच होती, काळी पडलेली. 'आम्हाला मेलं कोण पाठवतंय. जा, आता तू यंत्रवाली.' यात हेवा होता की माया, की दोन्ही, ते तिला कळलं नाही. तिने डबा उघडला. लोण्यासारखी. आईच्या नडगीवर परवाच एक भेग उघडून रक्त आलं होतं, आणि चादरीवरचा तो डाग तिने आईला कळू न देता धुऊन टाकला होता. आईला कळू न देता, की स्वतःला? तिने डब्याचं झाकण लावलं.

आणि याहून मोठी एक गोष्ट होती, जिच्याकडे ती सकाळपासून बघणं टाळत होती. दहा-बारा दिवसांपूर्वी संध्याकाळी ती आईला गोळी द्यायला गेली, तर आईने ग्लासाऐवजी तिचा हातच धरला. दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, आंधळं माणूस चाचपतं तसं चाचपत बसली. 'हात मऊ लागतात तुझे हल्ली.' आता सापडले, असं तिला वाटलं. पण आईचा चेहरा उजळत चालला होता. 'घडीवरून काढलं का गं तुला? हलकं काम दिलं?' बावीस वर्षांत आईने हे किती वेळा विचारलं असेल! पहिल्या वर्षी बोटांतून रक्त आलं तेव्हापासून. साहेबांना सांग, म्हणावं, आता तपासणीला बसवा, नुसतं बसून पानं तपासायची, तेवढी तू शिकलेली आहेस. दर वर्षी पगारवाढीच्या वेळी आई विचारायची आणि दर वर्षी ती 'बघू' म्हणायची. तिने साहेबांना कधी विचारलंच नव्हतं, भीड पडायची. आणि त्या संध्याकाळी, हात आईच्या हातात अडकलेला, सुटायची दुसरी वाट दिसेना, म्हणून ती वेळ मारून नेण्यासाठी म्हणाली, 'हो. तपासणीला बसवलंय.' आईने तिचा हात आपल्या गालाला लावला. दुसऱ्या दिवशी शेजारणीला बोलावून सांगितलं. रविवारी भावाला सांगितलं, फोन कानाला लावून, हसत: 'ताईला तपासणीला बसवलंय रे! हात बघ एकदा तिचे, अगदी मुलीसारखे झालेत.' तेलाबद्दल सांगताना आई इतकी खूश कधी झाली नव्हती.

पाच वाजता भोंगा झाला. बाहेर पडताना यंत्रावर पुन्हा अंगठा लावायचा असतो. तिने मुद्दाम डावा लावला, तोही पटला. मामांनी लष्करी सलाम ठोकला. रस्त्यावर दुकानांची दारं उघडी होती, औषधाच्या दुकानाच्या काचेत तशाच सोनेरी बाटल्यांची रांग लावलेली होती, आणि त्या काचेत तिला तिचा चेहरा दिसला, सत्तेचाळीस वर्षांचा, गालांवर नवीन तुकतुकी आलेला. चांगली दिसत होती ती. हेच तिला सहन होईना. चोरलेली वस्तू परत तरी करता येते. ही तुकतुकी ती कुणाला काढून देणार होती? घरापर्यंतच्या वाटेत तिने तीनदा ठरवलं की आज सांगून टाकायचं, आणि तीनदा ठरवलं की सांगायचं नाही, उरलेलं सगळं आजपासून फक्त आईला लावायचं, म्हणजे फिटंफाट. जिना चढताना दुसरं ठरलेलं होतं.

आई तिची वाट बघत पलंगाच्या कडेला बसली होती, एक मोजा खाली सारलेला, हातात कंगवा. तिला बघून कंगवा उशीखाली गेला. शेजारीण नुकतीच उठून गेली होती. 'दमलीस?' आईने विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाली, 'आता दमायला काय झालंय म्हणा, बसून काम.' तिने पाणी तापवलं, आईला धरून न्हाणीत स्टुलावर बसवलं, पाठीवर कोमट तांब्या ओतला. फळीवर साबणाची वाटी होती, ती तिने नळाखाली रिकामी केली. फळीच्या मागून बाटली काढली. तळाशी दोन बोटं तेल उरलं होतं. ते तिने हातात घेतलं, थेंब न मोजता, आणि आईच्या पाठीवर पसरलं.

तळव्याखाली दूध झालं. आईच्या पाठीचे मणके, खांद्याच्या टोकाशी उडालेले पापुद्रे, कंबरेजवळचे ओरखडे, सगळ्यांवरून ती हात फिरवत गेली. पाच महिन्यांत तिने ही पाठ नीट पाहिलीच नव्हती. वाटी ओतायची, भराभर चोळायचं, तांब्या ओतायचा, की झालं. ओरखडे कंगव्याचे होते, समांतर, कंगव्याचे दात मोजता यावेत असे. आई नेहमी अंघोळीला खांदे आवळून बसायची; म्हातारं माणूस, थंडी वाजत असेल असं ती धरून चालली होती. आता ते खांदे हळूहळू खाली आले.

'हे नवीन आणलंस का गं?' आई म्हणाली.

तिचा हात थांबला. 'का?'

'हे बरंय. आधीचं फार झोंबायचं.'

'झोंबायचं?' तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. 'मग सांगितलं का नाहीस इतके दिवस?'

'काय सांगायचं. पोराने एवढ्या लांबून पाठवलं, तू कामावरून येऊन दमून भागून घालतेस. म्हटलं, माझीच कातडी नाठाळ. चांगली वस्तू तिला मानवत नाही.' आईने ओल्या हाताने गुडघा चोळला. 'त्याला कळवू नकोस हां, वाईट वाटेल त्याला.'

पाणी मोरीत गुळगुळ करत चाललं होतं. तिला वाटलं, आता गप्प बसलं तर सगळं जागच्या जागी राहील. आई म्हणेल नवीन चांगलंय, भाऊ दुसरी बाटली पाठवेल, ती ती बाटली आईलाच लावेल, आणि पाच महिने मोरीतून वाहून जातील. फक्त 'हो, नवीन आहे' एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं.

'नवीन नाही, आई. हेच ते. त्याने पाठवलेलं. पहिला आठवडा सोडला तर आज पहिल्यांदाच तुला नुसतं लावतेय. आधी तुला हात धुवायचा साबण घालत होते, वासापुरते चार थेंब टाकून. तेल मी वापरलं. माझ्या अंगाला.'

आई वळली नाही. पाठीवरचं पांढरं दूध पाझरत कंबरेशी गोळा झालं होतं. ती आईच्या मागे ओल्या फरशीवर उकिडवी बसून राहिली. मारायला उचललेल्या हाताची वाट बघावी तशी बसून राहिली, लहानपणी बसायची तशी. आईने हात मागे केला. मारायला नाही, काही शोधायला. हवेत चाचपला, तिचा हात सापडला, तो पुढे ओढून आईने मांडीवर घेतला आणि अंगठा चाचपून पाहिला. एकदा, पुन्हा एकदा.

'म्हणजे तेलाने मऊ झालेत हे,' आई म्हणाली.

'हो.'

'तपासणीला नाही बसवलं तुला?'

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला तो हवाच होता, तिने तो दोन्ही हातांनी घेतला असता. आईचे नुकते सैल झालेले खांदे तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा वर चढले.

'नाही, आई. घडीवरच आहे.'

आई बराच वेळ तिचा अंगठा धरून बसली. मग तिने तो सोडला, स्टुलावर नीट सावरून बसली आणि म्हणाली, 'ओत पाणी. निवतंय.'